झिजलेला दांडा

आमची रक्षिता नेमकं काय काम करते, असं बंगळुरूच्या मल्लेश्वरममधले माझे फिरायचे सोबती पूर्वी विचारायचे. मी तासभर सांगायचो. हल्ली ते विचारत नाहीत. मी सांगतोच.

रक्षिता माझी नात, मला कानडीत अज्जा म्हणते. तिची कंपनी लहान गावांतल्या दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम बनवते. स्कॅनचं धूसर चित्र तो स्वच्छ करून देतो. तो चालतो जीपीयूवर, म्हणजे हजारो गणितं एकदम सोडवणाऱ्या कार्डावर. आमच्या होसकोट्याकडच्या शाळेत चाळीस पोरं एका सुरात पाढे म्हणायची, तसंच. आणि त्या गलक्यात एकच पोर चुकलं तर त्याचा कान बरोबर धरणारे मास्तर म्हणजे आमची रक्षिता! कार्ड कुठे नवं, कुठे जुनं. ऑपरेटिंग सिस्टिमही तशीच. कार्ड आणि सिस्टिमच्या प्रत्येक जोडीवर तेच चित्र आलं, की ही सही करते. मगच प्रोग्राम बाहेर पडतो.

मी स्वतः इथल्या पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात एकतीस वर्षं पंपाचे बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी कडी, तपासले. आमचे फोरमन मल्लाप्पा खणात झिजलेले दांडे जपून ठेवायचे. म्हणायचे, "मालोजी, नव्या दांड्यावर कुठलाही बुश बसतो. शेतकऱ्याच्या विहिरीवर नवा दांडा असतो का रे? हा झिजलेला घे." ही गोष्ट रक्षिताने लहानपणी जेवताना इतक्यांदा ऐकलीय, की आता ती शेवटाकडूनही म्हणून दाखवते.

तर गेल्या दसऱ्याला ऑफिस तीन दिवस बंद, म्हणून तिने तीन मशिनं घरी आणली. सोमवारी दहाला सही करायची होती, आणि पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या जबाबदारीवर. शुक्रवारी आयुधपूजा. ती सकाळी मैत्रिणीकडे गेली. मी मशिनं पुसली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि रीतीप्रमाणे स्विच बंद केले. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. तिला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ती आली.

"अज्जा! स्विच कुणी बंद केले?"

"मी. आज हत्यारांना विश्रांती."

"ती हत्यारं नाहीत हो!"

"तुझं पोट त्यांच्यावर चालतं ना? मग हत्यारंच."

आतून माझी बायको गोजराबाई म्हणाली, "माझाही मिक्सर बंद केलाय यांनी. मी पाट्यावर वाटतेय, तूही तुझं पाट्यावर वाट!"

रक्षिता हसली नाही. दिवसभराच्या चाचण्या वाया गेल्या होत्या. तिने सगळं पुन्हा सुरू केलं.

रविवारी दुपारी दोन मशिनं पास झाली. तिसऱ्यावर, सगळ्यात जुन्या कार्डावर, चित्राच्या कडेला काळी पट्टी आली. "कार्ड गेलं वाटतं," एवढंच ती म्हणाली. कुणामुळे, ते बोलली नाही. ते न बोलणंच मला लागलं. पोरीची पहिली सही माझ्या कुंकवाने बुडवली की काय! पानातली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, मी तशीच ठेवली. गोजराबाईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तासाभराने आतून हाक आली, "अज्जा, कार्ड धड आहे!"

झालं होतं असं: त्या मशिनवर शुक्रवारी दुपारी बारा वाजता नवी सिस्टिम आपोआप चढायची होती. बाराला ते झेंडू घालून झोपलेलं. म्हणून जुनीच सिस्टिम राहिली, आणि घाईत तिच्या ते लक्षात आलं नाही. आता तिने नवी चढवली, तर पट्टी गायब. जुनी परत घातली, पट्टी हजर. जुनं कार्ड आणि जुनी सिस्टिम एकत्र आली की प्रोग्राम चुकत होता. आणि नेमकी तीच जोडी, आता कोण वापरतंय म्हणून, चाचणीच्या यादीतून काढलेली होती.

तिने साहेबांना, देवव्रतना, फोन लावला. स्पीकरवर.

"रक्षिता, ती जोडी यादीत नाही. सोडून दे ना."

"सर, स्वल्प थांबा. दवाखान्यांची यादी बघू या का?"

बराच वेळ नुसती बटणं वाजली. मग देवव्रत हळू आवाजात म्हणाले, "सात दवाखाने अजून त्याच जोडीवर आहेत."

"त्या पट्टीखाली कुणाच्या फुप्फुसावरचा डाग लपला असता, सर."

"सही करू नकोस. दुरुस्त करू, मग बघू."

चार दिवसांनी पट्टी गेली, आणि तिने सही केली. चूक कशी सापडली, ते अहवालात खरंखुरं लिहिलं: आजोबांनी पूजेसाठी मशिन बंद केलं. ते वाचून देवव्रत घरी आले, तीन होळिगे खाल्ल्या आणि चौथी मागून घेतली. ती जोडी यादीत परत आली. त्या मशिनवर आता नवं काही चढवायचं नाही, असं ठरलं. रक्षिताने त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, स्वतःच्या मराठी अक्षरात: झिजलेला दांडा.

मल्लाप्पा आज नाहीत. असते तर इथल्याच शिवाजीनगरला त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो असतो. यंदाच्या आयुधपूजेला रक्षिताने आधी काम संपवलं, स्वतः स्विच बंद केले, आणि म्हणाली, "अज्जा, आता लावा कुंकू." मी त्या मशिनवर झेंडू वाहिला. मग आणखी एक वाहिला. दुसरा कुणाचा, ते तिने विचारलं नाही.