आबांचं ताट आणि डाएटची बशी

आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, जेवायचं ताट घासून गच्चीवर उन्हात ठेवलं, की लोहगावला उतरणारी विमानं वाट चुकायची. खोटं वाटत असेल तर चऱ्होलीत कुणालाही विचारा. सांगणारे सगळे माझ्याच भावकीतले निघतील, पण सांगतील एका सुरात. चांगला चार बोटं उंच काठ आणि आत एवढा पैस, की बैलगाडी वळवून घ्यावी.

आबांची जेवायची रीत ठरलेली. ताटाच्या एका अंगाला खाली लाकडाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे ताट कलतं आणि रस्सा सगळा एका बाजूला जमतो. दुसऱ्या बाजूला कुस्करलेल्या बाजरीच्या भाकरीचा डोंगर. मग डोंगर थोडा थोडा तळ्यात ढकलायचा आणि मान खाली घालून जेवायचं. त्या वेळी घराला आग लागली असती तरी आबा म्हणाले असते, "एवढं व्हऊ दे, मंग इझवू."

पुढे शेतावर इमारती झाल्या आणि त्यातल्याच एकीत, सातव्या मजल्यावर, आम्ही राहायला आलो. ताट आणि आबा लिफ्टमध्ये एका खेपेला मावेनात, म्हणून ताट आधी पाठवलं. मागोमाग आबांची शुगर वर आली, तीही न थांबता. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आम्हाला सांगवीच्या एका डाएटवाल्या मॅडमकडे पाठवलं.

"आजोबा, एका वेळी किती जेवता?" मॅडमनी विचारलं.

"एक ताट."

"म्हणजे किती?"

"ताट भरंल तेवढं."

मॅडमनी टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, एक मोठी, एक लहान, आणि दोन्हींत एकेक मूठ भात ठेवला. मोठ्या ताटलीत तो भात पोरका दिसत होता. लहानीत मात्र सरपंचासारखा ऐसपैस बसला होता. "भात तेवढाच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण ताट लहान असलं की भरलेलं दिसतं. माणूस आपोआप कमी वाढून घेतो."

मला काही पटलं नाही. चाकणला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये खणाखणांची ताटं आहेत. तिथे हिंगोलीकडचा माझा एक मित्र लोणच्याच्या खणात उसळ अशी रचतो, की सेफ्टीवाले येऊन त्याला हेल्मेट घालायला लावतात. पण बायकोला पटलं. तिने काचेचा डिनर सेट आणला. पांढरा, निळ्या नक्षीचा, सपाट आणि काठ नावापुरता. त्यातली नाश्त्याची बशी आबांच्या पुढ्यात आली.

आबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "ह्ये झाकण कशाचं हाय?"

"ताट आहे, आबा."

"बरं बाई. तू म्हणतीस तर ताट."

आणि उपाय लागू पडला हो! शुगर खाली आली. मॅडम खूश, डॉक्टर खूश. बायकोने सोसायटीभर एवढा प्रचार केला, की महिनाभर आमच्या विंगेत मोठ्या ताटात जेवणाऱ्याकडे लोक संशयाने बघायचे.

शुगर उतरून थांबली. आबा मात्र उतरतच राहिले. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जाऊन वेळ सांगायचं. तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. डॉक्टर गंभीर झाले. "आता हे वाळणं थांबायला हवं. या वयात एकदा ताकद गेली की परत येत नाही. खाऊ घाला त्यांना." मॅडम तर घाबरूनच गेल्या. "अहो, एवढं कमी मी सांगितलंच नव्हतं!"

आबा अर्धी भाकरी, कांदा आणि चटणी खाऊन उठायचे. रश्श्याची वाटी भरलेली ती भरलेलीच. "पोट भरलं, पोरी."

बायकोने मटकी केली, भरली वांगी केली, काळ्या मसाल्याची आमटी केली. आबा वाटीकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. एक दिवस ओट्याशी उभी राहून ती मला म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली का हो?"

"तुझ्या आमटीच्या वासाने लोक कासारवाडीला गाडीतून उतरून पायी इकडे येतात," मी म्हणालो.

ती हसली नाही. घरातलं माणूस डोळ्यांदेखत कमी होत होतं आणि माझ्याकडे त्यावर थापेशिवाय दुसरं औषध नव्हतं.

त्या आठवड्यात मला सेकंड शिफ्ट होती, म्हणून दुपारी घरी होतो. बायको खाली भाजी आणायला गेलेली. आबांना वाटलं, घरात कुणी नाही. मी आतल्या खोलीच्या दारातून बघितलं, तर ते टेबलाशी बसून बशीत भाकरी कुस्करत होते. त्यांनी बशीच्या एका बाजूखाली काड्यापेटी सरकवली आणि वाटी उचलली. उचलली तशी ती थरथरायला लागली. रस्सा बशीत पडला, कललेल्या बशीतून सरळ धावत निघाला आणि टेबलक्लॉथवर पसरला. आबांनी लगबगीने खांद्यावरचा टॉवेल काढून टेबल पुसलं. वाटीत उरलेला रस्सा पातेल्यात परत ओतला आणि टॉवेल बेसिनमध्ये धुवायला लागले.

"आबा."

ते दचकले. "तू व्हय! मला वाटलं ती आली."

"हात कधीपासून हलतोय?"

"कुटं हलतोय? सातव्या मजल्याला वारं किती असतं."

खिडक्या बंद होत्या. माझ्या अंगात थापा कुठून आल्या, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. ते म्हणाले, "लई दिस झालं त्येला. माझ्या ताटात कुणाला दिसत न्हवतं. हिंदकळलं तरी काठाला धडकून माघारी यायचं. ह्या बशीत समदं भायेर. म्हनून वल्लंच खात न्हाई. कोरडं सांडत न्हाई."

"अहो, पण सांगायचं ना!"

दारात बायको उभी होती. भाजीची पिशवी तिच्या हातातच होती. "सांडलं तर सांडलं, आबा. मी पुसते की. टेबलाला काय सोनं लागलंय?"

"पुसतीस, ठावं हाय मला," आबा खाली बघत म्हणाले. "पुसताना येका शब्दानं बोलत न्हाईस. त्येच सोसत न्हाई."

ती आत गेली, पिशवी ठेवली, आणि बाहेर आली ती चपला घालूनच. "चला. बाजारात."

मी कंपनीत त्या दिवसाची रजा कळवली. वाटेत तिने मॅडमना फोन लावला. "काठ हवा तेवढा उंच घ्या," मॅडम म्हणाल्या, "फक्त तळ लहान बघा. आणि हाताचंही डॉक्टरांना दाखवा." ते दुसऱ्याच दिवशी दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या.

पिंपरीच्या भांड्यांच्या दुकानात आबांनी जो कहर केला, तो तिथले लोक नातवंडांना सांगतील. एकेक भांडं पुढे घ्यायचे, त्यात नसलेली भाकरी कुस्करायचे, नसलेला रस्सा ओतायचे आणि मान हलवायचे. दुकानदाराने अख्खी मांडणी उतरवली. शेवटी आबांनी एका कोपऱ्यात बोट दाखवलं.

"काका, ती वेळणी आहे," दुकानदार म्हणाला. "कणीक मळायला घेतात. नाहीतर पातेल्यावर झाकायला."

"मंग तीत जेवाया बंदी हाय का?"

वेळणी टिचभर तळाची, पण काठ खोल आणि सरळ उभा. आबांनी दुकानदाराकडे पाणी मागितलं, वेळणीत ओतलं आणि ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले. हात थरथरला. पाणी या काठावरून त्या काठावर गेलं, परत आलं. भरल्या दुकानात आमची तिघांची नजर त्या पाण्यावर. थेंबही बाहेर आला नाही.

"हीच," आबा म्हणाले.

संध्याकाळी बायकोने मटकीचा रस्सा केला. मॅडमनी सांगितली होती तेवढीच भाकरी वाढली. पण त्या वेळणीत ती काठोकाठ दिसत होती. आबांनी कुस्करलं, ओतलं, कालवलं आणि मान खाली घातली. हात हलत होता. तो त्यांनी टेबलाखाली नेला नाही. आम्ही दोघं शेजारी जेवत होतो म्हणायचं. खरं तर घास हातात धरून बसलो होतो.

अर्ध्यावर ते थांबले. बायकोचा चेहरा उतरला.

"सूनबाई," आबा म्हणाले, "मीठ कमी पडलंय गं. आनि रस्सा आन अजून."

मिठाचंही प्रमाण मॅडमनी बांधून दिलं होतं. बायको उठली, मिठाची बरणी घेऊन आली आणि दोन बोटांत किती धरावं याचा विचार करत डोळे पुसत उभी राहिली.

"आन की," आबा म्हणाले, "निवतंय."