सकाळची मुंबईची, रात्रीची भाईंची

दवाखान्यात शिरली की जानकी शुद्ध बोलायची. घरात, बाजारात, देवळात सगळं मालवणीत. पण डॉक्टरांच्या टेबलासमोर स्टुलावर बसली की बाईसाहेबांच्या तोंडी 'मला' आणि 'आहे'. या शुद्ध भाषेत तिला तीनच गोष्टी नीट म्हणता यायच्या: बरं आहे, चाललंय, तसं काही नाही. गेली दोन वर्षं डॉक्टर काहीही विचारोत, ती यांपैकी एक पुढे करायची. जीव मेटाकुटीला आला तरी या तीन वाक्यांतून बाहेर दिसत नाही, ही त्यांची मोठी सोय.

तिचं घर शिरोड्याला, वेळागरच्या वाटेवर. नवरा सत्यवान बोटीवर होता. म्हणजे लग्नानंतरचं सगळं आयुष्य तो समुद्रावर आणि जानकी घरी. वर्षाकाठी दीड-दोन महिने यायचा, वाडीभर परदेशी साबण वाटायचा, जेवणाला नावं ठेवायचा, आणि दोघांचं जरा कुठे जमायला लागलं की बॅग भरून निघायचा. तो निवृत्त होऊन घरी आला तेव्हा शेजारच्या सुभद्राने तिला चिडवलं होतं की आता कुठे तुला खरा नवरा मिळाला. मग एका सकाळी पेज जेवता जेवता सत्यवानची डावी बाजू गेली. तेव्हापासून तो चोवीस तास घरीच आहे, आणि तोही पलंगावर. इतक्या वर्षांची कसर माणसाने अशी भरून काढावी असं काही जानकीचं म्हणणं नव्हतं.

माणूस सहा फुटी, हाडापेराने दणकट. त्याला बसवायचं, पुसायचं, भरवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसा आणि रात्रीही पुन्हा पुन्हा कुशीवर वळवायचं. जीभ जड झालेली, म्हणून हाक मारायची झाली की तो उजव्या हातातला चमचा पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायचा. तो चमचा जानकीला झोपेतही ऐकू यायचा. कधी कधी त्याने आपटलेला नसतानाही ऐकू यायचा, आणि ती धडपडत जाऊन बघायची तर सत्यवान घोरत पडलेला.

त्यात गेल्या पावसाळ्यापासून तिला घेरी येऊ लागली. खाली वाकून उभी राहिली की घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, गरगर फिरायचं. पाय सुजायचे. पहिल्यांदा विहिरीपाशी पडली ते तिने कुणालाच सांगितलं नाही. कोपराला हळद लावली आणि चार दिवस लांब बाह्यांचा ब्लाउज घातला. दुसऱ्यांदा पडली ती भर सकाळी, तुळशीसमोर, आणि ते सुभद्राने पाहिलं. सुभद्राच्या पोटात काही राहत नाही. तिने डोंबिवलीला फोन केला.

डोंबिवलीला जितेंद्र, जानकीचा एकुलता एक मुलगा. बायको, दोन मुलं, तिसऱ्या मजल्यावरची छोटी जागा, लिफ्ट नाही. पण मुलगा मायाळू, आणि मायाळू मुलगे घाबरले की हुकूम सोडतात. त्याने सांगितलं की शनिवारी गाडी घेऊन येतो, दोघांना इकडे आणतो, घराला कुलूप. सत्यवानला चार माणसांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, आणि एकदा वर गेलेला तो माणूस पुन्हा खाली येणार तो कसा, हे जानकीला स्पष्ट दिसत होतं. इथे निदान खिडकीतून माड दिसतात, कोणी ना कोणी ओट्यावरून हाक मारतं. तिने फोनवर मुलाला गळ घातली: आधी डॉक्टरांना दाखवते, माझ्याने ह्यांचं होण्यासारखं आहे असं डॉक्टर म्हणाले तर तू येऊ नको. जितेंद्र कसाबसा कबूल झाला.

तेव्हा जानकी तिठ्यावरच्या दवाखान्यात गेली ती बरं व्हायला नव्हे, तर बरी आहेस असं म्हणवून घ्यायला. सुभद्राला सत्यवानपाशी बसवून ती सकाळीच निघाली, कारण त्याच सकाळी मुंबईची लक्झरी बसही तिठ्यावर यायची होती. जितेंद्र दर महिन्याला ड्रायव्हरच्या हाती आई-बापाची औषधं पाठवायचा आणि जानकी त्याच ड्रायव्हरच्या हाती नारळ, आमसुलं, कधी खारवलेले बांगडे परत पाठवायची. पार्सल पिशवीत टाकून ती तशीच दवाखान्याची पायरी चढली.

तो दवाखाना पूर्वी भाई डॉक्टरांचा. भाई आता थकले, मुलीकडे पुण्याला गेले, आणि त्यांच्या खुर्चीत नम्रता नावाच्या तरुण डॉक्टर आल्या, घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. भाईंनी लिहून ठेवलेली औषधं त्या तशीच पुढे देत होत्या. जानकीचा हात पट्ट्यात गुंडाळून त्यांनी प्रेशर बघितलं, मग पुन्हा बघितलं, मग दुसऱ्या हाताचं बघितलं. त्यांनी विचारलं की भाईंच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का. तसं काही नाही, असं जानकी म्हणाली. आणि लगेच सत्यवानच्या गोळ्या बरोबर आहेत का ते जरा बघा म्हणून तिने पार्सल टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी ते उघडलं. सत्यवानच्या गोळ्या एकीकडे लावल्या. शेवटी एका वेगळ्या गोळीचं पाकीट उरलं. ही कोणाची, असं त्यांनी विचारलं. जानकीने इकडे तिकडे बघितलं आणि माझीच म्हणून सांगितलं.

गोष्ट अशी होती. सत्यवानला गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर उपचाराला मुंबईला नेलं होतं, तेव्हा जितेंद्रने हौसेने आईलाही आपल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी प्रेशरची गोळी दिली, आणि ती दर महिन्याला लक्झरीतून येऊ लागली. पण प्रेशरची गोळी तिला भाईंनीही फार वर्षांपूर्वीच दिलेली होती. भाईंसमोर मुंबईच्या डॉक्टरांचं नाव काढायची सोय नव्हती; मग तिकडेच दाखवा, म्हणून ते तोंड फिरवायचे. आणि मुलाने घाम गाळून पाठवलेली गोळी कोनाड्यात टाकून ठेवायची? ते तर जानकीकडून व्हायचंच नाही. आमच्याकडे मुंबईचा मान वेगळा आणि गावचा मान वेगळा, आणि घरच्या बाईने दोन्ही राखायचे असतात. चतुर्थीला मुंबईकरांनी आणलेले पेढेही देवापुढे ठेवायचे आणि घरच्या करंज्याही, तसंच. जानकीने गोळ्यांनाही तोच न्याय लावला. सकाळची मुंबईची, रात्रीची भाईंची. भाई गेले तरी भाईंची चालूच राहिली.

दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे, नावं तेवढी दोन कंपन्यांची दोन, असं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. म्हणजे दुप्पट औषध पोटात जात होतं. घेरी त्यानेच, पायांची सूजही त्यानेच. वय झालं म्हणून नव्हे. हे आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी जरा दुखावल्या स्वरात विचारलं. कोणाला सांगणार होती ती? रात्रीची बंद करा, आठवड्याने पुन्हा या, आणि तोवर घरातल्या सगळ्या गोळ्या दाखवल्याशिवाय एकही नवी घेऊ नका, असं सांगून डॉक्टरांनी पाकीट परत दिलं.

पायरीवर येऊन जानकीने पदर डोळ्यांना लावला. इतक्या महिन्यांचा त्रास तो एवढ्याशा गोळीचा! तिने तिथूनच जितेंद्रला फोन लावला. तो आधी मुंबईच्या डॉक्टरांवर चिडला, मग भाईंवर, मग आईवर, आणि शेवटी हसला. आता मी येत नाही, रजा रद्द करतो, म्हणाला. त्याचा आवाज किती हलका झाला होता. जरा जास्तच हलका झाला, असं जानकीच्या मनात आलं, पण तिने ते मनावर घेतलं नाही.

गोळी बंद झाली आणि घेरी खरोखर गेली. पायांची सूज उतरली. खळं जागच्या जागी राहू लागलं. सुभद्रा म्हणाली, तोंडावर रंग आला. सगळे म्हणाले जानकी सुधारली, आणि तीही म्हणत होती.

थकवा तेवढा गेला नाही. घेरीबरोबर तोही जाईल असं तिने धरलं होतं. गेले कित्येक महिने हातपाय गळून जायचे, सत्यवानजवळ जायला पाऊल उचलायचं नाही, ते सगळं तिने घेरीच्या खात्यावर टाकलं होतं. आता घेरी नव्हती आणि पाऊल तरीही उचलत नव्हतं. आजार असतो तेव्हा माणूस निदान त्याला दोष देऊ शकतो.

एका दुपारी ती मागीलदारी विळीवर नारळ खवत बसली होती आणि आत चमचा वाजू लागला. तिला ऐकू आलं, आणि ती उठली नाही. नारळ संपला तरी उठली नाही. चमचा थांबला, पुन्हा वाजला, मग वाजायचा राहिला. ती आत गेली तेव्हा चादर ओली झालेली आणि सत्यवान भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तिने चादर ओढली, त्याला वळवलं, आणि वळवताना जोर लावला. लागायचा त्याहून जास्त. दुखरा हात अंगाखाली गेला, तो कळवळला, आणि क्षणभर जानकीला बरं वाटलं.

त्या क्षणाची तिला भीती बसली. तिने हात सोडवला, चोळला, तेल लावलं, त्याला भरवलं. सत्यवानने गप्प राहून खाल्लं आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. आपल्याला घाबरून हा माणूस गप्प बसला आहे हे कळलं तेव्हा जानकीला स्वतःची किळस आली.

ठरलेला आठवडा भरला तशी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. अगदी हवं तसं आहे म्हणाल्या. आणखी काही त्रास आहे का, असं सवयीने विचारलं.

"तसं काही नाही," जानकी म्हणाली. पिशवी घेतली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन स्टुलावर बसली. या वेळी शुद्ध भाषा काही जिभेवर येईना.

"डॉक्टरानू, माका तेंचो कंटाळो इलो. चमचो वाजत होतो नि मी बसान रवलंय. मागीर तेंका वळयताना मुद्दाम जोरान वळयलंय. तेंका दुखला. ह्येच्यार काय गोळी आसा?"

कोल्हापूरकडच्या असल्या तरी डॉक्टरांना सगळं कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. अशी गोळी नाही, म्हणाल्या. ताकदीची लिहून देऊ शकते, पण ती देऊन तुम्हाला फसवल्यासारखं होईल. रात्री कोणी असतं का सोबतीला, असं त्यांनी विचारलं. कोणी नसतं. सलग कधी झोपला होतात? जानकीला आठवेना. मुलाला ठाऊक आहे का हे? मुलाला सांगितलंय की मी बरी झाले, असं जानकी म्हणाली, आणि तिला रडू आलं. डॉक्टरांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, तुमच्या मुलाला मी फोन करते. जानकीने नको म्हणून मान हलवली. मुलाला असलं परक्या तोंडून कळू नये, एवढं अजून तिला सुचत होतं.

तिन्हीसांजेला सत्यवानला भरवून ती ओट्यावर येऊन बसली आणि जितेंद्रला फोन लावला. प्रेशर बरं आहे हे ऐकून तो खूश झाला. माझ्या डॉक्टरांची गोळी किती चांगली, पुढच्या पार्सलात जास्तीची पाठवतो, मुलांची परीक्षा कधी, असं तो बोलत सुटला. जानकीने सगळं ऐकून घेतलं.

"जितू, तू ये," ती म्हणाली.

तो थबकला. "कित्याक? परत पडलंस?"

हो म्हणणं किती सोपं होतं. घेरी आली, पडले, एवढं सांगितलं असतं तर तो मिळेल ती गाडी पकडून आला असता, आणि कोणाच्या तोंडून वावगा शब्द निघाला नसता. आजारी आईला धावून येणारा मुलगा सगळ्यांना कळतो.

"पडाक नाय. माका काय एक झालेला नाय. पण माझ्यान आता तेंचा करूक होणा नाय, जितू. माझे हात तेंच्यार उठाक लागले."

पलीकडे मुलांचा गोंगाट ऐकू येत होता. कुठलंतरी दार लोटल्याचा आवाज आला आणि गोंगाट थांबला. मुंबईला घेऊन जातो, असं जितेंद्र म्हणाला नाही. त्याने हळू आवाजात विचारलं, की रजा किती दिवसांची टाकू.

"माझी झोप पुरी होयसर टाक," जानकी म्हणाली.