मधलं पातं

कवळीकाकांना माणसाच्या तोंडातलं आणि खिशातलं, दोन्ही बघायची खोड होती. तोंडातलं पोटापाण्यासाठी. दवाखान्यांतून आलेल्या साच्यांवर मेण चढवायचं, त्यात दात बसवायचे आणि कवळ्या तयार करून द्यायच्या, हे काम ते छत्तीस वर्षं करत होते. खिशातलं मात्र निव्वळ हौसेपायी. समोरच्याने सफरचंद सोलायला घडीचा चाकू काढला की काकांचं बोलण्यातलं लक्ष उडालंच. पाती किती, कुठल्या टोकाला कुठलं, मिटताना आवाज कसा येतो, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. बायको म्हणायची, माझ्या डोळ्यांचा रंग ह्यांना सांगता येणार नाही, पण माझ्या मामांच्या चाकूची मूठ कसल्या शिंगाची होती ते तोंडपाठ आहे.

घरी काचेच्या झाकणाच्या उथळ पेट्यांत एकशे चाळीस चाकू होते. नुसती पाती मोजणाऱ्याला काका हौशी म्हणायचे. त्यांच्या लेखी महत्त्व मेळाला. लांब टोकदार पातं रोजच्या कामाला, सरळ धारेचं नेमक्या कापाला, बोथट टोकाचं जिथे टोचून चालत नाही तिथे. आणि तिन्ही एकाच मुठीत एकमेकांना न घासता मिटली पाहिजेत. अशी एकाच कारखान्यातून एकत्र निघालेली तीन पाती म्हणजे त्यांच्या भाषेत सख्खी भावंडं. मोडलेल्या पात्याच्या जागी कुणी दुसरं ठोकलेलं असलं की ते सावत्र. सावत्र पात्याचा चाकू काकांच्या पेटीत शिरत नसे. याबाबतीत ते अगदी खाष्ट सासूसारखे होते.

आणि ज्या एका चाकूवर त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता, त्यातलंच मधलं पातं सावत्र होतं. तो चाकू बाबांचा. बाबा रोपवाटिकेत कलमं बांधायचे. ते गेल्यावर चाकू ताईकडे गेला, कारण त्यांच्या मागे तेच काम तिने उचललं होतं. यात वावगं काही नव्हतं, पण काकांच्या मनातून ते चाळीस वर्षं गेलं नाही. ताईकडे गेले की ते चाकू मागून घ्यायचे, उघडायचे आणि मधल्या पात्याकडे बघून नाक मुरडायचे. करवतीच्या तुकड्यातून घासून काढलेलं, काळपट, ओबडधोबड. नख अडकवून उघडायची खाचसुद्धा भलत्याच बाजूला. कुठल्या अडाण्याने केलं असेल कोण जाणे, असं ते एकदा म्हणालेही होते. तेव्हा ताई हातातलं कलम बांधत होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

या वर्षी तिने चाकू दुरुस्तीला पाठवला. रिवेट ढिलं झालंय, तेवढं घट्ट कर, बाकी काही करू नकोस, असा निरोपही धाडला. पण काकांकडे त्याच कारखान्याचा, त्याच काळातला एक मोडका चाकू पडून होता आणि त्याचं मधलं पातं अगदी कोरं होतं. हात शिवशिवले. ताईला आश्चर्याचा धक्का देऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाबांचा चाकू एकदा तरी आपल्या मनासारखा व्हावा, हे खरं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. पातं बदललं. काढलेल्या पात्याचं पोलाद मात्र चांगलं होतं, म्हणून कामावर नेऊन चाकावर घासलं, त्याला दांडा बसवला आणि मेण कोरायचं हत्यार केलं. अर्ध्या तासाचं काम. चाकू हौशी चाकूवाल्यांच्या रविवारच्या बैठकीत मिरवलाही. तिथले निवृत्त न्हावी चाकू हातात घेऊन म्हणाले, आता कुटुंब पूर्ण झालं. काकांची छाती फुगली.

मग ते चाकू घेऊन ताईकडे गेले. ती ओसरीत रोपं मांडून बसली होती. तिने चाकू घेतला आणि न बघताच अंगठ्याने मधल्या पात्याची खाच चाचपली. अंगठा गुळगुळीत पोलादावरून घसरला. पुन्हा चाचपली, पुन्हा घसरला. मग तिने चष्मा चढवला.

"छोट्या, हे बाबांचं पातं नाही."

"हे त्याचं खरं पातं आहे, ताई. ते जुनं कुणीतरी जुळवलेलं होतं."

"कुणीतरी नाही. बाबांनी."

मग ताईने सांगितलं, तेव्हा काकांना सगळं कळलं. ताई डावखुरी. शाळेत त्या हातावर छड्या बसायच्या, घरात आई ओरडायची. अकराव्या वर्षी तिने कलम शिकायचा हट्ट धरला, तर चाकू उघडेना. खाच उजव्या हाताच्या माणसांसाठी. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी आपल्या चाकूतलं धडधाकट पातं काढून टाकलं आणि दोन दिवस कानशीने घासून दुसऱ्या बाजूला खाच असलेलं नवं केलं. नंतर जन्मभर ते पातं त्यांना स्वतःला नीट उघडता आलं नाही.

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. ताई डावखुरी आहे हे त्यांना काय माहीत नव्हतं? लहानपणी खाल्लेल्या तिच्या सगळ्या चापट्या उजव्या गालावर होत्या. आणि खाचेवरून चाकूचं वय सांगणारा हा माणूस, एवढं साधं त्याच्या डोक्यात साठ वर्षांत आलं नाही. स्वतःची त्यांना इतकी लाज वाटली की ताईने जुनं पातं ठेवलंयस ना, असं विचारल्यावर ते पटकन म्हणाले, "आहे की. बसवून आणतो."

झालं. आता खोटं निस्तरणं आलं. चाकूचा जुना फोटो समोर ठेवून त्यांनी करवतीच्या तुकड्यातून पातं घासलं, खाच दुसऱ्या बाजूला पाडली, व्हिनेगरमध्ये बुडवून काळं केलं. नव्याला असं जुनं करणाऱ्यांना ते बैठकीत चोर म्हणायचे. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. पण काम मात्र झकास उतरलं.

ताईने अंगठा लावला आणि पातं टक्कन उघडलं. तिचा चेहरा असा काही फुलला की काकांना तिथून पळून जावंसं वाटलं. पात्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा तोंडाने कधी काही म्हणाले नाहीत रे. पण हे केलं त्यांनी."

गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. तिला समाधान होतं, चाकू चालत होता. पण बाबांच्या वाट्याची माया आपल्या खोट्या पात्यावर चाललेली बघणं त्यांच्याच्याने होईना.

"ताई, हे मी केलंय. बाबांचं मी घासून टाकलं."

त्यांनी खिशातून मेण कोरायचं हत्यार काढून तिच्यासमोर ठेवलं.  ताईने ते उचललं. दांड्याजवळ अर्धी खाच तेवढी उरली होती. ती तिच्या अंगठ्याला सापडली, आणि अंगठा तिथेच राहिला. काका माफी मागत होते, रडतही होते. ती ऐकत होती, असं वाटत नव्हतं.

काही वेळाने तिने हत्यार पदरात गुंडाळलं. चाकू मिटला आणि त्यांच्याकडे सरकवला.

"हा तू ने. तुला हवाच होता ना पहिल्यापासून."

"ताई, असं नको करू."

"अरे, चांगला झालाय. तुझ्या पेटीत शोभेल."

ती टोमणा मारत असती तर काकांनी तो सुखाने सोसला असता. पण ताई ते अगदी मनापासून म्हणत होती.