साठ टक्के

"चाळीस टक्के हृदय गेलं म्हणजे नेमकं कुठून गेलं?" भालेराव सरांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

मी कार्डिओलॉजिस्ट, शहरातल्या कोठी भागात एका क्लिनिकमध्ये बसते. सर तारनाक्याचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी सर्जनने इको करायला पाठवलं होतं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती आदल्या दिवशी मीच केली होती. रिपोर्टवर लिहिलं होतं, 'ईएफ साठ टक्के'. तो वाचून सरांनी ऑपरेशन रद्द केलं.

"काल यांनी मला गीझर कसा लावायचा ते शिकवलं," सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, काकू म्हणाल्या. "तीस वर्षं मीच लावतेय."

"माझ्यामागे हिचं अडू नये," सर म्हणाले.

हर्निया मधेच अडकला असता तर घाईघाईत ऑपरेशन करावं लागलं असतं. म्हणून मी त्यांना परत इकोच्या टेबलावर झोपवलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे वरचे कप्पे. बाहेरून आलेलं रक्त इथून खाली उतरतं. खालचे कप्पे भरत आले की वरचे शेवटचा थोडा धक्का देतात. मग खालचे आवळतात, वर जाणारी दारं बंद होतात. तो पहिला आवाज, लब. रक्त बाहेर गेलं की बाहेरची दारं मिटतात. तो दुसरा, डब."

"आणि साठ टक्के?"

"डावा खालचा कप्पा भरला की एका ठोक्यात त्यातलं किती रक्त बाहेर जातं, तो आकडा. पूर्ण रिकामा तो कुणाचाच होत नाही. पंचावन्न ते सत्तर नॉर्मल."

"उरलेलं चाळीस आत करतं काय?"

"राखीव असतं. जिना चढलात की हृदय जास्त जोरात आवळतं, त्यातलंही काढतं."

सरांनी मान डोलावली. मला वाटलं पटलं. तेवढ्यात त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"सर, श्वास का रोखलाय?"

"जोर लावतोय. सत्तर येतात का बघा."

"हर्निया आहे तुम्हाला. जोर लावू नका."

मी पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न आले. खरं तर मी तो आकडा बोलायलाच नको होता.

"एका दिवसात दोन टक्के," सर काकूंना म्हणाले. "बँकेचं लॉकर उद्याच दाखवतो."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता निस्तरायचं ते मीच.

"सर, तुम्ही बोर्डाचे पेपर तपासलेत ना? एकच पेपर दोनदा तपासला तर मार्क तेच येतात?"

"दोन-चार इकडेतिकडे होतात. स्टेप्सचे मार्क असतात."

"इथेही तसंच. कप्प्याची कड मी स्क्रीनवर हाताने आखते. रेघ जरा सरकली की आकडा सरकतो. हृदय तेच."

सर उठून बसले, शर्टाची बटणं लावली. "म्हणजे चूक परीक्षकाची."

"हो," मी म्हणाले. ऑपरेशन होत असेल तर मला चालणार होतं.

ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. पंधरवड्याने सरांच्या शेजारचे एक गृहस्थ क्लिनिकमध्ये आले. हातात दुसरीकडे केलेल्या इकोचा रिपोर्ट. चेहरा उतरलेला.

"डॉक्टर साब, मेरेकू अडसठ आया. साठ बराबर है बोलके सर बोले. आठ जास्ती हो गया ना?"

त्यांना मी पुन्हा लबपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. आता माझा नियम आहे. पेशंटला आधी 'तुमचं हृदय चांगलं आहे' हे वाक्य द्यायचं, ते त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचं, आणि मगच कागद हातात द्यायचा.