शिवगंगा गाडी शिकली त्याची गोष्ट

शिवगंगा लग्न होऊन युसूफ वडगावला आली तेव्हा तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं. अंबाजोगाईची मुलगी, बी.ए. झालेली, आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. ती हसली की शेजारच्या गल्लीत कळायचं. सासरे धोंडप्पा सुरुवातीला चरकायचे, मग त्यांना सवय झाली.

घरचं किराण्याचं आणि सरकी-पेंडीचं दुकान. धोंडप्पांनी ते उभं केलं, आता नवरा विश्वेश्वर बघतो. माल आणायला एक जुनी पांढरी व्हॅन. केजहून पोती भरून आणायची, उतरवायची, की पुन्हा दारात उभी. तिच्यात गुळाचा, खोबऱ्याचा आणि पेंडीचा असा काही वास मुरला होता की गल्लीतल्या शेळ्या तिच्या दारापाशी येऊन हुंगायच्या.

दोन लेकरं. ईश्वरी नऊ वर्षांची, वीरेश सहाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत विश्वेश्वरने त्यांना कबूल केलं होतं की रविवारी धारूरचा किल्ला दाखवतो. रविवारी दोघं पहाटेच उठली. अंघोळ केली, नवे कपडे घातले, बूट घालून ओट्यावर बसली. दुकानात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, मग एका लग्नघरची यादी आली. "आलोच" असं विश्वेश्वर चारदा म्हणाला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ईश्वरीने न बोलता बूट काढले, वीरेशचेही काढले आणि जोडीने आत नेऊन ठेवले. रडली नाही, रागावली नाही. शिवगंगा दारातून बघत होती. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "मला गाडी शिकवा."

"कोणती गाडी?"

"हीच. दारातली."

विश्वेश्वर हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसू थांबलं. "कावून गं? कुठं जायचंय तुला?"

"लेकरांना घेऊन कुठंबी. तुमाला दुकान हाय. मला वेळ हाय."

धोंडप्पांनी ताटावरून मान वर केली. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची करडी, आणि चेहऱ्यावर असं काही की कुणी दुकानातला तराजू पळवला असावा. "आपल्या घरच्या बायकांनी कधी गाडी चालवली न्हाई," ते म्हणाले.

"आपल्या घरी आधी गाडी तरी कुठं होती, मामा?" शिवगंगा म्हणाली आणि त्यांना भाकरी वाढली.

विश्वेश्वरला शिकवायला वेळ नव्हताच. तिने गावातल्या धुळाजीला गाठलं. धुळाजीने उभं आयुष्य ट्रक चालवण्यात घालवलेलं. आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतो. बाजारतळ मोकळा असायचा तेव्हा सकाळी सकाळी दोघं तिथे जायची. दोन-तीन दिवसांत ही बातमी गावभर झाली आणि बाजारतळाच्या कट्ट्यावर चहाचे कप घेऊन माणसं बसू लागली.

क्लच काही केल्या जमेना. गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. कट्ट्यावर हशा व्हायचा. धुळाजी शांत. "बाई, झोपलेलं लेकरू खाली ठेवताना कसं ठेवता? एकदम टाकता का?"

"न्हाई."

"मग तसाच पाय काढा."

त्या दिवशी व्हॅन बाजारतळाला एक फेरी मारून आली, आणि दुसऱ्या फेरीत थेट कडब्याच्या गंजीत घुसली. काचेवर कडबा, दारात कडबा. धुळाजी कसाबसा बाहेर आला, टोपी झटकली आणि म्हणाला, "जागा मऊ निवडली, हे बरं केलं." शिवगंगा इतकी हसली की कट्ट्यावरच्यांना हसायला काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी ते निम्मेच आले, आठवड्याभरात कुणीच येईना.

पावसाळा सरता सरता तिला अंबाजोगाईला लायसन मिळालं. पुढे गाडी छान जायची. मागे घेताना मात्र अजून तिचा जीव वर-खाली व्हायचा. "मागं घ्यायचं कामच काय? पुढंच जायचंय ना," ती लेकरांना सांगायची.

दिवाळी झाली. पाडव्यानंतर तिने जाहीर केलं, "उद्या कपिलधारला जायचं. यंदा पाऊस चांगला झालाय, धबधबा लई मोठा असंल."

वीरेश घरभर पळाला. ईश्वरी म्हणाली, "खरंच?" आणि बुटांना हात लावला नाही. तिने एकदा धडा घेतला होता.

सकाळी लेकरं निघायच्या तयारीत असताना धोंडप्पा धुतलेलं धोतर, फेटा, हातात काठी असे बाहेर आले आणि व्हॅनचं पुढचं दार उघडून बसले.

"मामा, तुमी?"

"कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या समाधीला जायचं राहिलंय बऱ्याच दिसांचं," ते समोर बघत म्हणाले. "तुमी निघालातच म्हणून."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नातवंडं एकट्या सुनेच्या हाती सोडायला त्यांचा जीव धजत नव्हता. विश्वेश्वर दुकानाच्या पायरीवर उभा राहून हात हलवत राहिला. गाडी वळणाआड गेली तरी त्याचा हात वरच होता, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं.

केजपर्यंत धोंडप्पांनी दोन्ही हातांनी काठी धरून ठेवली होती. समोरून ट्रक आला की डोळे मिटायचे आणि "शिव शिव" म्हणायचे. ट्रक गेला की डोळे उघडून म्हणायचे, "हारन वाजव." रस्त्यात कुत्रं दिसलं, हारन वाजव. सायकलवाला दिसला, हारन वाजव. नेकनूरच्या पुढे रस्त्यावर काहीच नव्हतं तरी ते म्हणाले, "वाजव एकदा." मागून वीरेश ओरडला, "अप्पा, मोराला पण वाजवायचा का?" शेतात खरंच मोर उभा होता. शिवगंगाने गाडी बाजूला घेतली आणि चौघांनी मोर निघून जाईपर्यंत बघितला.

मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांची, बसची नुसती झुंबड. एका बसच्या मागोमाग ती निघाली. खरी परीक्षा पुढे होती.

कपिलधारकडे खाली उतरणारा रस्ता अरुंद. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडी आणि उतार. मध्यावर आल्या आल्या खालून भाविकांनी भरलेला टेम्पो वर आला आणि तोंडासमोर थांबला. इकडेही जागा नाही, तिकडेही नाही. भरल्या टेम्पोला चढावरून मागे जाणं अवघड. रुंद जागा व्हॅनच्या मागे, वळणापाशी होती. म्हणजे मागे जायचं तर शिवगंगालाच.

तिने रिव्हर्स टाकला. गाडी बंद पडली आणि हातभर पुढे सरकली. मागची ईश्वरी किंचाळली. शिवगंगाने ब्रेक दाबून धरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बंद.

टेम्पोचा तरुण ड्रायव्हर खाली उतरला आणि खिडकीशी आला. "काकू, उतरा खाली. मी काढून देतो गाडी. तुमचं काम न्हाई हे."

शिवगंगाला उतरावं, असं एक क्षण वाटलंही. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. धोंडप्पा उतरले, कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि व्हॅनच्या पुढच्या चाकाखाली सारला. मग कंबर सरळ करून त्या पोराकडे वळले.

"तू गप बस बे. माजी सून काढती गाडी. तुला लई घाई असंल तर पायी जा."

पोरगा दोन पावलं मागे सरला. शिवगंगाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासऱ्यांनी तिची बाजू घेऊन कुणाला काही बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

"ईश्वरी, वीरेश, खाली या," धोंडप्पांनी हुकूम सोडला. "मागं जाऊन उभे राहा, डोंगराच्या कडंला. मम्मीला रस्ता सांगा."

वीरेशला हे काम जन्मापासून येत असावं. त्याने बसच्या कंडक्टरसारखा हात वर केला आणि सुरू झाला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!" ईश्वरी आरशात दिसेल अशी उभी राहून हाताने डावं-उजवं दाखवत होती. शिवगंगाने श्वास घेतला. झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा पाय काढला. गाडी थरथरली, पण बंद पडली नाही. दगड चाकापासून सुटला. हळूहळू, आरशाला झाडाच्या फांद्या घासत, व्हॅन वर वर गेली आणि वळणापाशी जाऊन थांबली.

टेम्पो शेजारून निघाला तेव्हा आतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने डोकं बाहेर काढून विचारलं, "कुठली गं बाई तू?"

शिवगंगाने तोंड उघडलं. तिच्या आधी धोंडप्पाच ओरडले, "युसूफ वडगावची!"

खाली धबधब्याचा आवाज लांबूनच येत होता. दर्शन झालं, आणि लेकरं पाण्याकडे धावली. पाणी वरच्या कड्यावरून असं कोसळत होतं की जवळ उभं राहिलं तरी तुषारांनी भिजायला व्हायचं. वीरेशने आजोबांचं बोट धरून ओढलं. "चला ना अप्पा."

"मी म्हातारा माणूस. लहानपणी वडलांसंगं पायी पायी आलतो हितं, तवाच झालं माजं भिजून."

"तवा किती भिजले होते?"

धोंडप्पांनी विचार केला. "न्हाई भिजलो. वडील म्हणले, सर्दी होती."

मग त्यांनी फेटा काढून शिवगंगाच्या हातात दिला, चपला दगडावर ठेवल्या आणि नातवाचं बोट धरून तुषारात शिरले. धोतर अंगाला चिकटलं, भस्म धुऊन गेलं, आणि ते थंडीने "हो हो हो" करत राहिले. शिवगंगा मोबाईलवर फोटो काढत होती आणि हसण्यामुळे प्रत्येक फोटो हलत होता.

दुपारी झाडाखाली धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेल्या करंज्या निघाल्या. धोंडप्पा टॉवेल गुंडाळून बसले होते, धोतर झुडपावर वाळत होतं. विश्वेश्वरचा फोन आला. "सगळं ठीक हाय ना? कुठं अडलात का?"

"अडलो न्हाई," धोंडप्पा करंजी चावत म्हणाले. "जरा मागं यावं लागलं, एवढंच."

येताना मांजरसुंब्याला थांबून सगळ्यांनी रबडी खाल्ली. वीरेश रबडीच्या मिशांसकट झोपला. धोंडप्पांनी केजपर्यंत एकदाही हारन वाजवायला सांगितला नाही. तेही झोपले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला धोंडप्पांनी घाटाची हकीगत सांगितली. संध्याकाळपर्यंत रस्ता आणखी अरुंद झाला होता आणि टेम्पोचा ट्रक झाला होता. ती हकीगत ऐकून गल्लीच्या टोकाच्या सरस्वतीबाई शिवगंगाकडे आल्या. त्यांचा मुलगा प्रविण आणि सून ऊसतोडीला गेलेले. नातू सत्यम आणि त्याची धाकटी बहीण आजीपाशी. "परत कुठं जाशील तवा माजी दोन मावतील का गं? सुट्टीचं नुसती दाराकडं बघत बसत्यात."

"मावतील की. तुमी बी चला."

सुट्टी संपायच्या आत बीडजवळच्या नारायणगडाचा बेत ठरला. विश्वेश्वरने गाडीत मागे आणखी एक सीट बसवली, खाली सतरंजी टाकली. निघायच्या सकाळी त्याने दुकानाचं अर्धं शटर वर केलं, वळून गाडीकडे बघितलं आणि खाली ओढून कुलूप घातलं. समोरच्या दुकानातून सोमेश्वरने विचारलं, "कावून शेठ, आज बंद?"

"लेकरांसंगं चाललोय."

पुढची जागा धोंडप्पांनी केव्हाच धरली होती. विश्वेश्वर मागे सरस्वतीबाई आणि लेकरांच्या मधोमध दाटीवाटीने बसला, मांडीवर सत्यमची बहीण. गाव मागे पडलं तेव्हा सत्यमने विचारलं, "काकी, आपण समुद्राला कवा जायचं?"

गाडीत सगळे हसले. विश्वेश्वर म्हणाला, "लई लांब हाय रे तो."

शिवगंगाने गिअर बदलला आणि आरशात बघून विचारलं, "लांब म्हंजी किती?"