चार मेणबत्त्यांचं लोखंडी कडं

माणूस वेल्डर असला की त्याला साधी गोष्ट साधी ठेवता येत नाही. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. घरोघरी वेताच्या कड्याला हिरव्या डहाळ्या बांधून त्यात मेणबत्त्या खोचतात. यानं अंगठ्याएवढ्या जाड सळईचं कडं वळवलं, त्यावर चार खोल वाट्या डागल्या आणि टेबलावर आदळलं. टेबल त्या दिवसापासून लंगडायला लागलं.

"मेणबत्त्यांचं कडं आहे की बैलगाडीच्या चाकाची धाव?" बायको म्हणाली.

"पिढ्यान्‌पिढ्या टिकेल."

"ते टिकेल. टेबलाचं काय?"

गल्ली त्याला लोखंड्या म्हणायची. दारं, जाळ्या, जिन्याचे कठडे जोडण्यात हयात गेलेली. हाताला चटके, डोळ्यांत लाली, जिभेला धार. घरात माणसं चारच: तो, हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात पाळ्या करणारी बायको, चपलांच्या दुकानात उभ्यानं दिवस काढणारी लेक, आणि कानानं अधू पण दुसऱ्याच्या हातातले पत्ते बरोबर दिसणारे आप्पा, त्याचे वडील.

रीत सोपी. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत शेवटच्या रविवारी चारही. घरातल्या धाकट्यानं पेटवायची, थोरल्यानं प्रार्थना म्हणायची. लोखंड्यानं त्यात पदरची एक अट घातली: चौघंही टेबलाशी असल्याखेरीज काडी ओढायची नाही. नाताळ उरकला की लेक दुसऱ्या शहरात नोकरीला चालली होती. पुढच्या वर्षी तिची खुर्ची रिकामी. हे तो कुणाजवळ बोलला नाही. अट मात्र उठता बसता बोलला.

पहिल्या रविवारी सणाच्या गर्दीनं लेकीचं दुकान लवकर मिटेना. जेवण गारढोण झालं, आप्पा खुर्चीतच घोरू लागले. लेक आली ती पाय ओढत.

"आधी पेटव," तो म्हणाला.

"बाबा, दिवसभर लोकांचे पाय हातात घेतलेत. आता माझे बादलीत घालू दे." पाय बादलीत आणि मान भिंतीला, अशीच ती झोपली.

दुसऱ्या रविवारी बायकोच्या जोडीदारणीला ताप भरला आणि बायकोला ऐनवेळी पाळीवर बोलावणं आलं. दोन पेटायच्या होत्या, एकही पेटली नाही.

"अरे, तिघं आहोत की," आप्पा म्हणाले. "पेटवून टाकू."

"चौघं म्हणजे चौघं!"

"या अटीलाही डाग मारलास की काय? जरा म्हणून हलत नाही ती."

तिसऱ्या रविवारी मात्र योग जमला. बायकोला सुट्टी, लेकीला अर्धा दिवस. तीन जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकुलती गुलाबी लावायचा तो रविवार. तेवढ्यात बेकरीवाल्याचा फोन. शटर अर्ध्यात अडकलंय, दुकान उघडं टाकून घरी जाऊ कसा?

"हा गेलो आणि हा आलो," म्हणत लोखंड्या निघाला. शटरानं त्याची अख्खी संध्याकाळ गिळली. परत येताना पाहतो तर गल्लीतली वीज गेलेली. जिन्याच्या वळणावर शेजारणीसाठी कुणीतरी बशीत मेणबत्ती ठेवली होती. जांभळी. उरलेल्या पायऱ्या तो दोन-दोन करत चढला आणि घरात शिरला.

दुसरी न्हाणीघरात होती. तिसरी चुलीशेजारी. आणि गुलाबी बाटलीच्या तोंडात खोचलेली, भोवती तिघं पत्ते खेळत बसलेली. लेक हसून हसून वाकडी झाली होती, कारण आप्पा बाहीत एक्का लपवताना सापडले होते. कडं टेबलाखाली, बोडकं.

"हे काय चालवलंय?"

"अंधार झाला," बायको म्हणाली. "मेणबत्त्या काय बघायला आणल्यात?"

"आणि मी काय सांगितलं होतं? सगळे असल्याशिवाय…"

"सगळे होतोच की," आप्पा पत्त्यांवरून मान न उचलता म्हणाले. "तूच नव्हतास."

त्यानं हत्यारांची पेटी आदळली.

चौथा रविवार उजाडायच्या आतच त्यानं ताटावर चमचा बडवून घर उठवलं. बायकोला दुपारची पाळी, लेकीला पहिली बस, चौघं एकत्र सापडायची ती तेवढीच घटका. लेक आली तोंडात ब्रश धरून. बायकोचे डोळे उघडायचे होते. आप्पांनी कवळी लावली नव्हती, त्यामुळे त्यांची प्रार्थना देवालाच काय ती कळली असेल.

मेणबत्त्यांची थोटकं खोल वाट्यांत बुडालेली. लेकीचं बोट पोळलं.

"वाट्या केल्यात की विहिरी, बाबा?"

चौथी पेटेपर्यंत न्हाणीघरातली फडफडली आणि विझली.

"परत पेटव ती!"

"वातच संपली. माझी बस जाईल!"

आमेन झालं, दार आपटलं, बायको परत अंथरुणात शिरली. लोखंड्या लंगड्या टेबलाशी एकटा उरला. चौघं होती, नाही असं नाही. पण तो सगळा वेळ त्या मेल्या वातीकडं बघत राहिला. लेकीच्या तोंडाकडं बघायचंच राहून गेलं. एवढ्यासाठी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

आप्पा कवळी लावून परत आले. हातात पत्ते.

"त्या दिवशीचा डाव राहिलाय तुझा. वाटू?"

लोखंड्यानं तीन मेणबत्त्यांकडे रागानं पाहिलं. जळत होत्या तोवर जळत होत्या.

"वाटा," तो म्हणाला. "पण आधी बाह्या वर करा."