दात घासून या

सत्यशीलाताईंना आशा सेविका होऊन बारा वर्षं झाली. कात्रजच्या डोंगराखालच्या वस्तीत आता अशी एकही पायरी उरली नाही, जिला त्यांच्या गुडघ्यांनी शिव्या घातल्या नसतील. आधी डेंग्यूची डबकी, मग क्षयाच्या गोळ्या, मग लसी, आणि गेली तीन वर्षं बायकांची तोंडं. टॉर्च लावायचा, 'आ करा' म्हणायचं आणि गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसते का ते बघायचं. त्या दारात दिसल्या की लोकांचे चेहरे आधीच पडत. आणि मानधन असं, की मान किती नि धन किती, हे विचारायची सोय नाही.

वस्तीतल्या निम्म्या बायका मिश्रीवाल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. त्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही की डोकं चालत नाही.

ताई घसाफोड करून सांगत, "अगं, कॅन्सर एकीचा दुसरीला लागत नाही, पण मिश्री लागते! सासूची सुनेला, शेजारणीची शेजारणीला. वर्षानुवर्षं त्याच जागी चोळत राहिलात, की तिथलं कातडं एक दिवस बिघडतं आणि वाढतच सुटतं." बायका माना डोलावत आणि चहा घेणार का, विचारत.

विमलाबाई सोसायट्यांमधून धुण्याभांड्याची कामं करत. त्यांच्या डाव्या गालातली जखम चार महिने भरत नव्हती. पण सुरी लागली की रोग अंगभर पसरतो, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं, त्यामुळे तुकडा काढून तपासायला त्या तयार होईनात. ताईंनी दीड महिना त्यांचा उंबरा झिजवला. "सुरीने पसरत नाही हो, घरी बसून पसरतो," हे किती वेळा म्हटलं, त्याला गणतीच नाही. शेवटी बाई तयार झाल्या. ताईंनी नेहमीप्रमाणे बजावलं, "उद्या सकाळी दात घासून या."

सकाळी स्वारगेटच्या बससाठी दोघी थांब्यावर भेटल्या. विमलाबाई हसल्या आणि ताईंना दिसल्या काळ्याकुट्ट हिरड्या.

"हे काय? आजही मिश्री?"

"दोनदा लावलीया, ताई. मोठा डॉक्टर बघणार, मग तोंड स्वच्छ नको?"

ताईंचा पारा चढला. पण विमलाबाई सहज बोलत होत्या. "तुम्हीच सांगता की दात घासून या म्हणून. मागल्या साली तोंड तपासायच्या शिबिराला बी अशीच आले होते. डॉक्टर म्हणले, समदं काळं हाय, काय दिसंना, चूळ भरून परत रांगेत या. माझी कामाची वेळ झालती, गेले निघून."

"तेव्हा काही दुखत होतं?"

"दुखत न्हवतं. डाव्या गालाला तिखट तेवढं झोंबायचं."

ताईंना एकदम थकल्यासारखं झालं. तीन वर्षं गल्लीगल्लीत त्या 'दात घासून या' हेच सांगत आल्या होत्या. या बायका दात कशाने घासतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी 'मिश्री न लावता या' हे साधे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. शिबिराच्या रांगेतून अशा निघून गेलेल्या बायकांना मात्र त्यांनी मनातल्या मनात बेशिस्त ठरवलं होतं.

विमलाबाईंना थांब्यामागच्या नळावर चार वेळा चूळ भरायला लावून त्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तुकडा काढला. दहा दिवसांनी कागद आला: कॅन्सर, आणि तो मानेतल्या गाठीपर्यंत उतरलेला. जबड्याचा तुकडा काढावा लागेल, मग किरणांचे शेक द्यावे लागतील. डॉक्टर कागदाकडे बघतच म्हणाले, "वर्षभर आधी आला असतात, तर थोडक्यात भागलं असतं."

बाहेर बाकावर बसल्यावर विमलाबाईंनी विचारलं, "ताई, मी तर वर्षापूर्वी आले होते की. ते सांगायचं राहिलं का आपलं?"

"नाही," सत्यशीलाताई म्हणाल्या. "माझं राहिलं."

विमलाबाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी ताईंचा हात घट्ट धरला. "आप्रेशनच्या दिवशी काय करून येऊ, ते नीट सांगा बाई. तुम्ही सांगाल तसंच करीन."